चेंडू सुटण्यापूर्वी

परप्रांती राहणाऱ्या आम्हा मंडळींच्या बोलण्यात 'सर्व्हिस' हा शब्द दिवसातून दहा वेळा तरी येतो. अमक्याची सर्व्हिस किती झाली, तमक्याची किती उरली, ह्या हिशेबात आमच्या कित्येक संध्याकाळी जातात. परंतु त्याच संध्याकाळी क्लबाच्या मैदानावर चुन्याच्या रेघेमागे उभा राहून एखादा सभासद 'सर्व्हिस!' असे म्हणतो आणि चेंडू वर फेकतो, तेव्हा ह्या शब्दाचा आपल्या चाकरीशी काही संबंध असेल असे कोणाच्याही मनात येत नाही. संबंध आहे, आणि तो सख्ख्या भावंडांचा आहे. युरोपातील राजेरजवाडे चार भिंतींच्या आत जे टेनिस खेळत, त्यात पहिला चेंडू खेळात घालणे हे धन्याचे काम नव्हे, ते चाकराने करावयाचे, असे सांगतात. चेंडू कडेच्या उतरत्या छपरावरून घरंगळत यावयाचा आणि धन्याने तो सावकाश मारावयाचा. चाकराने केली ती सेवा. खेळ सुरू व्हावयाचा तो परतविणाऱ्याच्या फटक्यापासून.

खेळाचे नावही हीच साक्ष देते. 'घ्या', 'सांभाळा' अशा अर्थाच्या 'तने' ह्या फ्रेंच उद्गारावरून 'टेनिस' हा शब्द आला असे सामान्यतः मानले जाते. चेंडू टाकण्यापूर्वी समोरच्यास सावध करावयाचे ही त्या काळची रीत. म्हणजे साऱ्या खेळाला नाव मिळाले ते सर्व्हिस करणाराने परतविणाराला द्यावयाच्या आगाऊ सूचनेवरून! पुढे सूचना देण्याची चाल मोडली, चाकराचा धनी झाला, आणि कौतुक सारे त्याच्या वाट्याला गेले. मला मात्र पलीकडच्या रेघेवर गुडघ्यांत किंचित वाकून उभ्या असलेल्या माणसाविषयी अधिक कुतूहल वाटत आले आहे. सूचना बंद झाल्यावरही चेंडू कोठे येणार हे तो ओळखतो, ते कशावरून?

हिरवळीवरचे टेनिस मेजर वॉल्टर विंगफील्ड ह्या इंग्रज लष्करी गृहस्थाने १८७४ साली पेटंट घेऊन बाजारात आणले. त्याच्या मूळ नियमांत परतविणाराची अवस्था मोठी केविलवाणी होती. गुण मिळत ते केवळ सर्व्हिस करणाराला. परतविणाराने बाजी मारली तर त्याला बक्षीस एवढेच, की आता सर्व्हिस त्याच्याकडे येई. पुढे विंबल्डनच्या क्लबाने १८७७ साली पहिली स्पर्धा भरविली तेव्हा नियम नव्याने बांधले आणि जुन्या राजेशाही टेनिसची गुणपद्धती घेतली, म्हणून परतविणारालाही गुण मिळू लागले. बावीस खेळाडू त्या स्पर्धेत उतरले होते. सर्व्हिस खालून किंवा फार तर खांद्याच्या उंचीवरून केली जात असे. आजच्या दृष्टीने ती अगदीच गरीब सर्व्हिस. तरीही हेन्री जोन्स ह्या पंचाच्या डोळ्यांना काही तरी खटकले.

हा जोन्स मूळचा डॉक्टर, आणि 'कॅव्हेंडिश' ह्या टोपणनावाने व्हिस्टसारख्या पत्त्यांच्या खेळावर अधिकारवाणीने लिहिणारा. आपल्या कचेरीतल्या एखाद्या चिकट हिशेबनिसाची आठवण व्हावी अशा चिकाटीने त्याने स्पर्धेतला एकूण एक गेम मोजला. ६०१ गेम झाले. त्यांपैकी ३७६ सर्व्हिस करणाराने जिंकले, २२५ परतविणाराने. शेकडा बासष्टांहून अधिक! हा अन्याय आहे असे जोन्सचे मत पडले आणि पुढच्याच वर्षी सर्व्हिसच्या चौकोनाची लांबी सव्वीस फुटांवरून बावीस फुटांवर आली. १८८० मध्ये ती एकवीस फूट झाली. आज लंडनपासून लखनौपर्यंत कोणत्याही मैदानावर फीत लावून पाहा, ती एकवीस फूटच भरेल. एका माणसाने एका स्पर्धेचे आकडे मांडले आणि त्यावरून आखलेली रेघ जवळ जवळ दीडशे वर्षे टिकली, हे भाग्य आपल्यापैकी फार थोड्यांच्या टिपणांना लाभत असेल.

(ओघाने आठवले म्हणून सांगतो: १८७८ चा विजेता फ्रँक हॅडो हा सिलोनमधील मळेवाला. रजेवर इंग्लंडात आला, स्पर्धेत उतरला, जाळ्याशी धावून येणाऱ्या आदल्या वर्षीच्या विजेत्याच्या डोक्यावरून उंच चेंडू सोडून त्याला हरविले, आणि रजा संपताच परत गेला. विजेतेपद राखण्यासाठी तो पुढच्या वर्षी आलाही नाही.)

जोन्सच्या रेघेने न्याय झाला, पण तो थोडाच काळ. १८८० नंतरच्या दशकात रेनशॉ बंधू डोक्यावरून चेंडू हाणू लागले आणि सर्व्हिस ही सेवा राहिली नाही. त्यानंतरचा टेनिसचा इतिहास एखाद्या जुन्या भाऊबंदकीच्या खटल्यासारखा आहे. सर्व्हिस करणाराने नवे हत्यार काढावयाचे, परतविणाराने काही वर्षे मार खावयाचा, मग त्यावर तोड काढावयाची. १९०० साली बॉस्टनजवळ लाँगवुडच्या मैदानावर डेव्हिस कपाचा पहिला सामना झाला. त्यात अमेरिकनांनी असा पीळ दिलेला चेंडू टाकला की जमिनीवर पडल्यावर तो अपेक्षेच्या उलट दिशेला उसळे. इंग्रज खेळाडू चकित झाले आणि एकही सामना न जिंकता परतले. गवत फार वाढलेले होते, चेंडू मऊ होते, अशी गाऱ्हाणी त्यांनी मागाहून केली. ती खोटी नसतीलही. परंतु ज्याला चेंडूची उसळी वाचता आली नाही तो गवताला नावे ठेवतो, हे आमच्या क्लबातही मी पुष्कळदा पाहिले आहे.

वाचता येणे हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण परतविण्याची विद्या ही हाताची कमी आणि डोळ्यांची अधिक, ही गोष्ट ज्याने प्रथम पद्धतशीरपणे सिद्ध केली तो माणूस खरोखरच वही घेऊन बसणारा होता. त्याचे नाव रने लाकोस्त. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेचा बिल टिल्डन हा टेनिसचा सम्राट होता. उंच, देखणा, नाटकी स्वभावाचा, आणि त्याची तोफेच्या गोळ्यासारखी सर्व्हिस जगभर गाजलेली. १९२० पासून डेव्हिस कप अमेरिकेबाहेर गेला नव्हता. लाकोस्तजवळ ह्यांपैकी काहीच नव्हते. देहाची देणगी बेताची, फटका नेटका पण भीती वाटावी असा नव्हे. त्याने काय केले, तर प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास आरंभिला. कोणाचा कोणता फटका कच्चा, कोण कोणत्या प्रसंगी काय करतो, ह्याच्या नोंदी तो वहीत करून ठेवी. सरावासाठी त्याने चेंडू फेकणारे एक यंत्रही तयार केले, आणि समोर माणूस नसला तरी चेंडू परतविण्याचा क्रम चालू ठेवला.

१९२७ साली ह्या वहीचे फळ मिळाले. पॅरिसच्या अंतिम सामन्यात लाकोस्तने टिल्डनला पाच सेटांत हरविले. शेवटचा सेट ११–९. सप्टेंबरात फिलाडेल्फियाला डेव्हिस कपाच्या निर्णायक दिवशी त्याने पुन्हा टिल्डनला चार सेटांत नमविले, त्यामागोमाग कोशेने जॉन्स्टनला हरविले, आणि कप फ्रान्सला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अमेरिकन विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात ११–९, ६–३, ११–९ असा तिसरा विजय. टिल्डनची बाजू सांगावयाची तर तो तेव्हा चौतिशीत होता आणि फिलाडेल्फियाच्या त्या सामन्यापूर्वी एकेरी व दुहेरी खेळून थकलेला होता. ते सारे मान्य. पण ११–९ ह्या आकड्याकडे पाहा. टिल्डनची सर्व्हिस दर वेळी येतच होती, आणि लाकोस्त ती दर वेळी परतवीत होता. एका बाजूने मारून मारून थकावे आणि दुसऱ्या बाजूने परतवून परतवून थकू नये, असा तो प्रकार होता.

येथे थोडे विषयांतर होते, पण ते विषयाकडेच येईल. बऱ्याच वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी होतो. तेथील क्लबात सभासदांशी खेळण्यासाठी पगारी माणूस असे. त्याला सारे मार्कर म्हणत. वय पन्नाशीच्या पुढे, एका गुडघ्यात दोष, धावणे जवळ जवळ नाहीच. नुकतेच रुजू झालेले तरुण अधिकारी त्याच्यावर जीव तोडून सर्व्हिस करीत आणि हा मनुष्य चेंडू येईल तेथे आधीच जाऊन उभा असे. घाई नाही, झेप नाही. टपालाची वाट पाहत फाटकाशी उभे राहावे तसा. मी एकदा त्याला ह्याचे रहस्य विचारले. तो संकोचाने म्हणाला, "साहब, आप तो पहले ही बता देते हैं." मला तेव्हा ती नम्रता वाटली. ते शब्दशः सत्य होते हे पुष्कळ वर्षांनी कळले.

त्याचा हिशेब असा. मैदानाची लांबी ७८ फूट. ताशी दोनशे किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू वाटेत हवेने आणि जमिनीने मंदावतो. तरी परतविणाराच्या रॅकेटपर्यंत येण्यास त्याला अर्ध्या सेकंदाहून फारसा अधिक वेळ लागत नाही. डोळ्यांनी पाहिलेले मेंदूला उमजून स्नायू हलण्यास सुमारे एकपंचमांश सेकंद जातो, आणि डावे की उजवे असा निवाडा करावयाचा असला तर त्याहून अधिक. उरलेल्या वेळात पाऊल टाकावयाचे, खांदे वळवावयाचे, रॅकेट मागे न्यावयाची आणि पुढे आणावयाची. चेंडू रॅकेटवरून सुटल्यावर जो पाहू लागेल त्याला हे साधणे कठीण. तेव्हा जो परतवितो त्याने काही तरी त्यापूर्वीच पाहिलेले असले पाहिजे.

हा तर्क प्रयोगाने पडताळण्याचे काम जोन्स आणि माइल्स ह्या दोघांनी केले. हा जोन्स निराळा, पण जुन्या जोन्सचा वारसा चालविणारा. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात खेळाडूंना सर्व्हिसची फिल्म दाखविली आणि ती मध्येच तोडून चेंडू कोठे पडेल ते विचारले. चेंडू सुटल्यावर सेकंदाच्या तिसऱ्या भागाइतका वेळ फिल्म चालू ठेवली तर नवखे आणि मुरलेले ह्यांत फरक राहिना. तेवढे पाहिल्यावर कोणीही सांगू शकतो. परंतु रॅकेट चेंडूला लागण्यापूर्वी सेकंदाचा सुमारे चोविसावा भाग आधी फिल्म थांबविली, तेव्हाही मुरलेल्या मंडळींनी नवख्यांपेक्षा चांगले उत्तर दिले. चेंडू अजून सुटलेलाच नव्हता! पुढे १९८९ मध्ये कॅनडातील संशोधकांनी खेळाडूंच्या नजरेचा मागोवा घेतला. सर्व्हिसची तयारी चाललेली असताना नवख्यांची नजर चेंडूवर खिळलेली, तर कसलेल्यांची खांद्यांवर आणि धडावर, आणि मग रॅकेटवर. 'चेंडूवर नजर ठेवा' हा उपदेश आपण सर्वांनी ऐकला आहे. तो चुकीचा नाही, पण अर्धा आहे.

काय असते त्या खांद्यांत? उजव्या हाताने खेळणाराने उसळणारी सर्व्हिस करावयाचे ठरविले तर चेंडू डोक्याच्या वर, किंचित डावीकडे फेकला जातो. बाहेर वळणारी करावयाची असली तर उजवीकडे. सरळ, वेगाची असली तर पुढे. पाठीची कमान कमी-अधिक होते. खांदा लवकर किंवा उशिरा उघडतो. ह्यांतले काहीही परतविणारा मनाशी शब्दांनी म्हणत नसतो. शिवाय प्रत्येक माणसाची खोड असते, आणि अडचणीच्या गुणाला माणूस आपल्या आवडत्या जागीच चेंडू टाकतो, हे लाकोस्तच्या वहीला ठाऊक होते. चेंडू लागण्याच्या सुमारास परतविणारा जी छोटी उडी घेतो ती दोन्ही पावले मोकळी ठेवण्यासाठी. पाय कोणत्या दिशेने रोवावयाचा हे तो जमिनीवर येता येता ठरवितो. आमच्या मार्करची उडी इतकी लहान असे की ती उडी आहे हेच मला कधी दिसले नाही.

सर्व्हिस करणारेही अर्थातच स्वस्थ बसले नाहीत. वाचणारा आहे असे कळल्यावर लिहिणारा अक्षर बदलतो. पीट सॅम्प्रसला लहानपणी अशी शिकवण मिळाली होती, की चेंडू हवेत गेल्यावर गुरू सांगेल ती सर्व्हिस त्याने करावयाची. त्यामुळे त्याची चेंडू फेकण्याची लकब सर्व प्रकारांना एकच झाली, आणि वाचण्यासारखे काही उरले नाही. १९७५ च्या विंबल्डनला आर्थर ॲशने निराळीच युक्ती केली. समोर जिमी कॉनर्स, म्हणजे त्या पिढीतला सर्वांत भेदक परतविणारा. त्याला वेगाची सर्व्हिस म्हणजे मेजवानी. ॲशने मेजवानीच दिली नाही. बाहेर वळणाऱ्या, वेग काढून घेतलेल्या सर्व्हिसनी त्याने कॉनर्सला मैदानाबाहेर ओढले आणि पहिले दोन सेट ६–१, ६–१ असे घेऊन सामना जिंकला.

आपल्याकडचे उदाहरण द्यावयाचे तर ते मद्रासच्या रामनाथन कृष्णनचे. तो १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विंबल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. तो काळ क्रेमर व गोन्झालिस ह्यांनी रूढ केलेल्या 'मोठ्या खेळा'चा: जोरकस सर्व्हिस करावयाची आणि तिच्या पाठोपाठ जाळ्याशी धावावयाचे. सर्व्हिस करताना एक पाय जमिनीवर असलाच पाहिजे हा जुना निर्बंधही १९६० च्या सुमारास सैल झाला, त्यामुळे धावणाराला एक पाऊल फुकट मिळाले. कृष्णनच्या स्वतःच्या सर्व्हिसला कोणी भ्यावे असे तिच्यात काही नव्हते. तरी १९६१ च्या उपांत्यपूर्व फेरीत त्याने ऑस्ट्रेलियाच्या रॉय इमर्सनला सरळ तीन सेटांत हरविले. चेंडू जोराने परत न मारता धावत येणाराच्या पावलांशी तो अलगद ठेवावयाचा, ही त्याची रीत. त्यासाठी चेंडूजवळ वेळेआधी पोचावे लागते, आणि त्याच्या चालण्यात तर घाईचा लवलेश नसे. १९६६ साली कलकत्त्याच्या साउथ क्लबात ब्राझिलविरुद्ध कॉखशी झालेला त्याचा पाच सेटांचा सामना ज्यांनी पाहिला, ती मंडळी अजूनही त्याच्याविषयी बोलू लागली की घड्याळ विसरतात. त्याच वर्षाअखेर मेलबर्नला डेव्हिस कपाच्या अंतिम लढतीत भारत ४–१ असा हरला. पण तो एक विजय कृष्णन आणि जयदीप मुखर्जी ह्यांनी दुहेरीत न्यूकोंब आणि रोश ह्या जोडीवर मिळविला होता. दुहेरीत जाळ्याशी एक प्रतिस्पर्धी आधीच उभा असतो, म्हणून परतीच्या फटक्याची तेथे सर्वांत कठोर परीक्षा होते.

पुढे रॅकेटी बदलल्या, माणसे उंच झाली, आणि जोन्सचे आकडे पुन्हा आठवावेत असे दिवस आले. १९९४ च्या विंबल्डन अंतिम सामन्यात सॅम्प्रस आणि इव्हानिसेविच ह्यांचे पहिले दोन्ही सेट टायब्रेकरपर्यंत गेले. चेंडू तीनदा-चारदा जाळ्यावरून गेला की प्रेक्षकांना नवल वाटे. २००१ पासून विंबल्डनने गवताचे मिश्रण बदलून केवळ रायग्रास लावले. हेतू गवत टिकाऊ व्हावे हा होता. पण जमीन टणक झाली, उसळी वाढली, आणि परतविणाराला श्वास घेण्यास जागा मिळाली. १८७८ साली रेघ हलविली होती, ह्या वेळी गवत. तरीही २०१० साली त्याच विंबल्डनला इझनर आणि माहू ह्यांचा पाचवा सेट ७०–६८ पर्यंत लांबला. तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे तो सामना चालला. इझनरची २०१६ मधली एक सर्व्हिस ताशी २५३ किलोमीटरची नोंदली गेली आहे. असल्या चेंडूपुढे खांदे वाचूनही काय करावे? तेथे कधी कधी केवळ पैज मारावी लागते. २०११ च्या अमेरिकन स्पर्धेत फेडररला दोन मॅचपॉइंट असताना जोकोविचने त्याची सर्व्हिस ज्या बेफिकिरीने आडवी फटकावली, ती पाहून हा अंदाज की जुगार, असा वाद अजून चालतो. माझे मत जुगाराकडे झुकते. पण हजार वेळा वाचलेल्या माणसाचा जुगार हा तुमच्या-आमच्या जुगारासारखा नसतो, हेही खरे.

वाचनाची सर्वांत विलक्षण हकीकत आंद्रे ॲगसीची. जर्मनीच्या बोरिस बेकरने त्याला पहिल्या तिन्ही सामन्यांत हरविले. बेकरची सर्व्हिस काही केल्या समजेना, म्हणून ॲगसी त्याच्या फिती पुन्हा पुन्हा पाहत बसला. पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले की चेंडू फेकण्यापूर्वी बेकरची जीभ ओठांबाहेर येते. ती ओठांच्या मध्यावर असली तर चेंडू मधल्या रेघेकडे किंवा अंगावर. कडेला असली तर बाहेरच्या बाजूला. फार पूर्वी बंद पडलेली ती 'सांभाळा'ची सूचना बेकर आपल्या जिभेने, एक अक्षर न उच्चारता, देत होता!

ॲगसीने मागाहून सांगितले की सर्व्हिस परतविणे ही त्यानंतर अडचण राहिली नाही. अडचण होती ती आपल्याला हे ठाऊक आहे हे लपविण्याची. दर वेळी अचूक जागी उभे राहावे तर बेकरला संशय येऊन जीभ आत जावयाची. म्हणून बहुतेक गुण तो न वाचल्यासारखा खेळे आणि ज्या गुणावर सेट फिरावयाचा तेथेच ते ज्ञान खर्ची घाली. पुढच्या अकरा सामन्यांपैकी दहा त्याने जिंकले. दोघेही निवृत्त झाल्यावर म्यूनिकच्या ऑक्टोबरातील जत्रेत बिअरचा पेला पुढे असताना त्याने बेकरला हे सांगितले. ॲगसीच्या सांगण्याप्रमाणे बेकर खुर्चीवरून पडावयाचाच राहिला. हा माणूस माझे मन वाचतो, असे तो घरी जाऊन बायकोला म्हणत असे.

त्या अकरांतला ॲगसीने गमावलेला एकमेव सामना १९९५ च्या विंबल्डनमधील उपांत्य फेरीचा. पहिला सेट ॲगसीने ६–२ असा घेतला आणि दुसऱ्यातही तो पुढे होता. तेथून बेकरने सामना फिरविला, चार सेटांत, त्यांपैकी दोन टायब्रेकरवर. जीभ तीच होती आणि पाहणारे डोळेही तेच होते. त्या दिवशी गवतावर पडलेला चेंडू मात्र त्या डोळ्यांना जुमानला नाही.